तीनशे त्रेचाळीस क्रमांकाचा कोयता

६ ऑक्टोबर १९९७, सोमवार

आज माझं टंकयंत्र नेलं. भांडार विभागाची दोन माणसं आली, एकानं पुढून धरलं, एकानं मागून, आणि बावीस वर्षांचा सोबती दारातून आडवा करून बाहेर काढला. त्याचा ‘क्ष’ कायम अर्धा उठायचा. मी तो शाईनं पुरा करायचो. आता कोण करणार, असं विचारणार होतो, पण ते भंगारात निघालं होतं. तिथं ‘क्ष’ लागत नाही.

पत्रव्यवहार विभाग आजपासून संगणक विभागात ‘विलीन’ झाला. हा शब्द आदेशात मीच घातला. साहेबांच्या कच्च्या मसुद्यात ‘बंद’ होतं. स्वतःचा मृत्युलेख स्वतः दुरुस्त करण्याची संधी सगळ्यांना मिळत नाही.

हातांना लिहायची सवय, म्हणून ही वही.

शेतकी अधिकारी साहेब मला शास्त्रीबुवा म्हणतात. भिंगारदिव्यांच्या पोरानं संस्कृत घेऊन बी.ए. व्हावं, यातली गंमत त्यांना अजून शिळी वाटत नाही. मीही ओ देतो. दर हंगामात बॉयलर पेटवण्याच्या निमंत्रणात ‘अग्निप्रदीपन’ लिहावं लागतं, आणि ते बिनचूक लिहिणारा कारखान्यात मी एकटाच.

नवं काम: ऊसतोडणी टोळ्यांची यादी साफ करणं. गेल्या दोन हंगामांची रजिस्टरं उन्हाळ्यात यंत्रात भरली गेली. आता दोनदा आलेली नावं आणि यंदा न येणारे कोयते काढून टाकायचे. शिकवायला पुण्याच्या कंपनीच्या माधुरी शिरसाट मॅडम आल्या आहेत. वय अठ्ठावीस-तीस, जाड चष्मा. साखर कारखान्यात राहून चहा बिनसाखरेचा पितात. कँटीनवाल्यानं मनाला लावून घेतलं आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दोन दिवसांत साठ नावं काढली. नावावर जायचं, कळ दाबायची, नाव नाहीसं. इतकं निर्मळ खोडणं मी पाहिलं नव्हतं. आमच्या काळी खोडलेलं नाव वर्षानुवर्षं रेघेखालून बघत बसायचं.

मॅडमना कोयता म्हणजे काय ते समजावलं. नवरा-बायको मिळून एक कोयता. फडात तो तोडतो, ती मोळ्या बांधते, कधी उलटंही. एकटं माणूस असेल तर अर्धा कोयता. मॅडमनी विचारलं, “मग बाईचा नंबर कुठे असतो?” म्हटलं, नंबर कोयत्याला. बाईसाठी ‘सोबत’ म्हणून रकाना आहे.

तो अर्जाचा नमुना मीच आखला होता, उन्हाळ्यात. अकरा ओळींत अख्खा संसार बसवला. मॅडम म्हणाल्या, सुटसुटीत आहे. मला बरं वाटलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

विजयादशमी. सकाळी विहारात वंदना, दुपारी आईच्या हातची खीर. उद्यापासून पाथर्डीकडच्या टोळ्या निघतील. लहानपणी आम्ही पोरं दिवस मावळायच्या आत सडकेवर जाऊन बसायचो. आधी घुंगरं ऐकू यायची, मग धूळ दिसायची, आणि मग गाड्यांवर रचलेली बिऱ्हाडं: हंडे, कोंबड्या, वरच्या टोकाला एखादी म्हातारी. आता ट्रकनं येतात. ट्रक पाहायला सडकेवर कोणी बसत नाही, मीसुद्धा नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

एक नाव निघत नाही.

कोयता क्रमांक तीनशे त्रेचाळीस, सहादेव बडे, तालुका पाथर्डी. त्याच्या टोळीचे मुकादम कारभारी ढाकणे यांनी सांगितलं होतं की हा गडी पावसाळ्यात दुसरी बाई घेऊन सांगलीकडच्या कारखान्याला गेला; त्याचं नाव काढा. मी कळ दाबली. यंत्रानं नकार दिला. मॅडमनी इंग्रजी वाचून सांगितलं: या नोंदीवर दुसऱ्या नोंदी अवलंबून आहेत, आधी त्या काढा.

कोणत्या, ते पाहिलं. ‘सोबत’ रकान्यातली पत्नी दगडाबाई. दोन हंगामांच्या उसाच्या खेपा. यंदासाठी मंजूर झालेली कारखान्याची टायरगाडी.

माणूस पळाला, पण नोंद संसारी निघाली. हे मॅडमना ऐकवलं. त्या हसल्या नाहीत. वहीत काहीतरी टिपून घेतलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

ती नोंद आज स्वतः चालत आली.

दगडाबाई बडे. उंच, हाडापेरानं मोठी. दारात चपला काढून आत आली, आणि मागोमाग तिच्याहून थोराड एक बाई, कपाळ मोकळं. ती ठकूबाई. सहादेवची सख्खी थोरली बहीण, विधवा, आजवर कोणाच्या तरी टोळीत अर्धा कोयता म्हणून राबलेली. दोघींना मिळून एक कोयता व्हायचं आहे.

मी ठकूबाईला विचारलं, भाऊ सोडून भावजयीबरोबर कशा? म्हणाली, “भाऊ माजाच हाय, त्येला काय करनार. पर ऊस हिच्यासंगं तोडायचाय.” दगडाबाईनं तिला कोपरानं ढोसलं. दोघी तोंडाला पदर लावून हसल्या.

नवा कोयता भरायला घेतला. पहिलं नाव दगडाबाई. यंत्र म्हणालं, ही व्यक्ती कोयता तीनशे त्रेचाळीसमध्ये आधीच आहे. तिथून काढायला गेलो तर म्हणालं, खेपा आणि गाडी अडकल्या आहेत. म्हणजे ती नवऱ्याकडून सुटत नाही, आणि सुटल्याशिवाय नणंदेला जोडता येत नाही.

घाई गाडीची आहे. नियम असा, की कारखान्याची टायरगाडी दोन हंगाम पुरे केलेल्या कोयत्यालाच मिळते. वाटप एकोणतीस तारखेला. मुकादमांनी दोघींना स्पष्ट सांगितलं आहे: गाडी मिळाली तर टोळीत, नाहीतर ट्रक परत जाईल त्यात बसा. दगडाबाईचे स्वतःचे दोन बैल आहेत. ते तिनं येताना चार दिवसांची वाट चालवत नातलगाकडे आणून बांधले आहेत. गाडी नसेल तर त्या बैलांचं इथं करायचं काय, हे तिनं मला विचारलं. पत्रव्यवहाराच्या माणसाला असे प्रश्न येत नाहीत.

२० ऑक्टोबर, सोमवार

साहेबांना सांगितलं. त्यांनी मॅडमना विचारलं, मुळासकट काढता येतं का? येतं, म्हणाल्या, एका मिनिटात. सहादेव, बायको, खेपा, गाडी, सगळं एकदम. मग दोघींची कोरी नोंद करता येईल.

“करा मग,” साहेब म्हणाले.

मी म्हटलं, कोरी नोंद म्हणजे शून्य हंगाम. गाडी मिळणार नाही.

साहेब म्हणाले की नव्या जोडीला गाडी नाही, हा नियम शास्त्रीबुवांनीच सुवाच्य अक्षरात लिहिला आहे. हे खरं आहे. मग म्हणाले, कागद दाखवा, की हिनं दोन हंगाम तोडणी केली; पाहू. सत्तावीसपर्यंत वाट बघतो. तोवर कंपनीला कडक पत्र लिहा, असलं कसलं यंत्र दिलं म्हणून.

कडक पत्र हा माझा प्रांत. टंकयंत्र नसल्यामुळे हातानं सुरुवात केली.

२२ ऑक्टोबर, बुधवार

दिवसभर अभिलेख कक्षात होतो. लाल फडक्यात बांधलेली बासनं, सुतळीच्या गाठी, खळीचा आंबूस वास. इथं आलं की मला पाठशाळेची आठवण येते. तिथंही पोथ्या अशाच बांधलेल्या असायच्या आणि मला फक्त लांबून दिसायच्या. मग एक दिवस गुरुजींनी हात पुढे करून एक माझ्या हातात ठेवली. इथं सगळ्या माझ्याच ताब्यात आहेत, आणि विचारायला कोणी येत नाही.

दोन्ही हंगामांची रजिस्टरं सापडली. ‘सहादेव बडे, कोयता १’, पुढे खेपांची वजनं. बाईचं नावच नाही. हा काही पुरावा झाला नाही.

पण दुसरंच सापडलं. कारखान्याच्या पहिल्या हंगामाचं हजेरीपुस्तक. त्यात बाबा. ‘रंभाजी भिंगारदिवे’, आणि पुढे रोजच्या रोज हजेरी: दीड. दीड. दीड. सहा महिने दीड. बाकी गड्यांना एक. मी खाली बसूनच ते पान वाचलं. बाबा दीड माणसाचं काम करत होते, आणि कधी एका शब्दानं बोलले नाहीत.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हटलं, आई, पहिल्या हंगामाला तू नि बाबा जात होता तेव्हा बाबांची हजेरी दीड लागायची, पुराव्यानिशी पाहिलं. म्हणाली, “अर्दा लिव्हलावता व्हय.” आणि तव्यावरची भाकरी उलटली. तिला आकड्यांत कधीच गोडी नव्हती.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

पत्राचा तिसरा मसुदा. ‘आपल्या प्रणालीतील अक्षम्य त्रुटी’. ‘अक्षम्य’ काढून ‘अनाकलनीय’ केलं. मग तेही काढलं. मला आकलन होत नाही यात कंपनीचा काय दोष.

मॅडम शेजारीच बसतात. त्यांच्याविरुद्धचं पत्र त्यांच्याच टेबलावर कोपर टेकून लिहितो आहे. त्यांनी दोनदा शब्द सुचवले.

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळच्या एस.टी.नं देवळालीला गेलो, गहिनीनाथ खेडकरांकडे. तीस वर्षं टोळ्यांचं रजिस्टर त्यांनी लिहिलं. जूनमध्ये निवृत्त झाले. अंगणात पेरूच्या झाडाखाली खाटेवर बसले होते. मला पाहून घरात आवाज दिला, शास्त्रीबुवा आलेत, वाटीभर शेंगदाणे आणा. ह्यांच्या तोंडी शास्त्रीबुवा ऐकताना मला कधी टोचलं नाही.

दगडाबाईचं नाव काढताच म्हणाले, ती डावखुरी. फडात उलट्या बाजूनं तोडत येते, म्हणून शेजारचे कुरकुर करतात. सहादेव आळशी. खेपा सगळ्या तिच्या जोरावर.

मी विचारलं, अशी जोडी फुटली की तुम्ही काय करत होता? म्हणाले, नवऱ्याच्या नावावर एक रेघ, खालचं वाचता येईल अशी. बाजूला तारीख. पुढल्या पानावर बाईचं नाव घ्यायचं, आणि मागचे हंगाम तिचेही धरायचे.

“ते कुठं लिहायचा?”

“लिव्हायचं कशाला? म्या हुतो ना.”

मी शेंगदाणे खात राहिलो. तीस वर्षांत किती बायका त्यांनी अशा पुढल्या पानावर नेल्या असतील, ते रजिस्टरात नाही, यंत्रात नाही. खाटेवर बसलं आहे आणि जूनपासून पेरू राखतं आहे.

मग विचारलं, उन्हाळ्यात मी अर्जाचा नमुना घेऊन आलो होतो तेव्हा हे का नाही सांगितलं? ते जरा अवघडले. म्हणाले, “तुमी इचारलंच न्हाई, शास्त्रीबुवा. तुमी म्हनले, समदं अकरा ओळीत बसवा. मंग म्या बसवलं.”

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली, तरी बाहेर काय होतं ते सांगता येणार नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी मॅडमना सांगितलं की चूक यंत्राची नाही, माझ्या अर्जाची आहे. त्या म्हणाल्या, “मला पहिल्या आठवड्यातच शंका आली होती, काका. पण नमुन्यावर तुमची सही होती, आणि तुम्ही इतक्या प्रेमानं समजावत होता.” हे ऐकण्यापेक्षा कडक पत्र आलेलं परवडलं असतं.

अकराला साहेब आले. दोघी दाराशी येऊन बसल्याच होत्या. साहेबांनी विचारलं, कागद मिळाला? नाही, म्हटलं. मग उगाच लांबवू नका, म्हणाले. काढून टाका मुळासकट. मॅडमनी नोंद उघडली. पडद्यावर यादी आली, हे-हे सगळं जाईल म्हणून.

दगडाबाई उठून पडद्यापाशी आली. तिला वाचता येत नाही. मला विचारलं, काय-काय जातंय?

मी सांगितलं: सहादेवचं नाव. त्याच्यासोबतचं तुमचं नाव. दोन हंगामांच्या खेपा. गाडीची नोंद.

“ह्येचं नाव काढा म्हनून मीच मुकादमाला सांगितलंवतं,” ती म्हणाली. “आता नगं. ऱ्हाऊ द्या त्येला. त्या दोन सालांत ऊस म्याबी तोडलाय. त्यो गेला म्हनून माजी दोन सालं कशापायी जावीत?”

ती मोठ्यानं बोलली नाही. ठकूबाई मागून म्हणाली, “नवरा गेला त्येचं काय न्हाई हो, सालं गेली तर गाडी जाती.” यावर दगडाबाईसुद्धा हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं की मग ही भानगड केली कोणी.

मी म्हणालो, मी. कोयत्याला नंबर दिला, माणसांना दिला नाही. बाईला नवऱ्याच्या ओळीत शेपटासारखं लावलं. ओढलं की सगळं ओढलं जातं.

“लेखी द्या.”

दिलं. पाच ओळी, शेवटची गहिनीनाथांच्या रेघेची. बावीस वर्षांत मी इतकं थोडक्यात काही लिहिलं नव्हतं. कंपनीच्या पत्राचे मसुदे फाडले. साहेबांनी पाच ओळी वाचल्या, खिशात घातल्या आणि मॅडमना विचारलं, दुरुस्तीला किती दिवस? त्या म्हणाल्या, या यादीपुरती उद्या संध्याकाळपर्यंत, बाकीचं दिवाळीनंतर.

“गहिनीनाथांना उद्या जीप पाठवून आणवा,” साहेब म्हणाले. “ती दोन्ही हंगाम फडात होती म्हणून त्यांनी सही केली तर मला पुरे.” जाता जाता शास्त्रीबुवा म्हणाले नाहीत. भिंगारदिवे म्हणाले. याचा अर्थ काय लावावा, ठरत नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

मॅडमनी असं केलं: प्रत्येक माणसाला स्वतःचा क्रमांक. कोयता म्हणजे एका हंगामापुरती दोघांची जोडी, बस्स. जोडी संपली की नोंद पुसायची नाही, समाप्तीची तारीख घालायची. खेपा दोघांच्याही क्रमांकाला लागतील. गहिनीनाथ बाजूला खुर्ची घेऊन बसले होते. समजावून झाल्यावर म्हणाले, “म्हंजे रेघच की.” मॅडमनी त्यांना विचारलं, अजून काय-काय डोक्यात आहे? त्यांनी दुपारपर्यंत सांगितलं. मॅडमनी तीन पानं लिहून घेतली. एकही ओळ मोजली नाही.

माझ्याकडे काम आलं ते बायकांना क्रमांक देण्याचं. चारशेपैकी नव्वदांच्या ‘सोबत’ रकान्यात नावच नाही, नुसतं ‘बायको’. मी ते उन्हाळ्यात तपासून ‘बरोबर’ अशी खूण केली होती. मुकादमांना विचारलं. ढाकणे सांगू लागले: भानुदासची, लक्ष्मणची, धाकट्या लक्ष्मणची. म्हटलं, नावं सांगा. ते विचारात पडले, मग म्हणाले, बाप्या गड्याला कशी ठावं असत्याल, दगडाबाईला इचारा.

तिला बोलावलं. ती पायरीवर बसली आणि एकामागून एक सांगत गेली. कोण कोणत्या गावची, कोणाला काय म्हणतात, खरं नाव काय. मी लिहीत होतो. एकाहत्तर नावं तिला तोंडपाठ होती. हात दुखला. बरं वाटलं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

गाड्यांचं वाटप. शेडसमोर रांग, बैलांच्या शेणाचे पो, मुकादमांच्या आरोळ्या. गहिनीनाथांनी काल सही केली होती. दगडाबाई-ठकूबाई जोडीचा कागद यंत्रातून छापून आला. साहेबांनी विचारलं, अंगठा मुख्य माणसाचा घ्यायचा असतो, यात मुख्य कोण?

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. दगडाबाई म्हणाली, “सायेब, बैलं दोन जुपायची हायेत. त्यातला मुख्य कंचा?”

रांग हसली. साहेबांनी शाईचा डबा पुढे सरकवला आणि दोघींचे अंगठे घेतले.

बैल जुंपून झाल्यावर ती एकटी परत आली. म्हणाली, त्यो जुना कागद बघायचाय, तीनशे त्रेचाळीसचा. मॅडमनी छापून दिला. मी वाचून दाखवलं. हंगाम पंच्याण्णव-शहाण्णव, सहादेव बडे, दगडाबाई बडे. हंगाम शहाण्णव-सत्त्याण्णव, सहादेव बडे, दगडाबाई बडे. समाप्त.

“माजं नाव कुटं हाय त्यात?”

बोट ठेवून दाखवलं. तिनं त्या जागी आपलं बोट ठेवलं. अंगठ्याची शाई वाळली नव्हती, कडेला डाग पडला.

“आन् दुसऱ्या साली?”

तेही दाखवलं. ती उभी राहून बराच वेळ ते पाहत होती. मग कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. मी म्हटलं, न्या की, तुमचाच आहे.

“हितंच ऱ्हाऊ द्या. माज्या पेटीला उंदरं लागत्यात,” ती म्हणाली. “तुमच्या त्येच्यातनं काय निगत न्हाई म्हनं.”

नाही निघत, मी म्हणालो.